सात पोचे, तीन टोले

महाशिवरात्रीनंतरच्या मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता राहुरीच्या वकीलबाईंची गाडी आमच्या गॅरेजात आली. साल चौऱ्याण्णव. बॉनेटवर चार आणि टपावर तीन, असे सात पोचे पडले होते. रंग कुठेही उडालेला नव्हता. शनिवारी संध्याकाळपर्यंत पोचे निघायला हवे होते आणि गाडीला नवा रंग लावायचा नव्हता. अप्पा, म्हणजे माझे वडील, वीस वर्षं पोचे काढत होते. रंग न लावता त्यांनी तोवर एकही पोचा काढलेला नव्हता. ते "करतो" म्हणाले.

गॅरेज नगरला, औरंगाबाद रोडला होतं. पुढे पत्र्याची शेड, मागे आमच्या दोन खोल्या, मधे अंगण. शेडचे दोन भाग गोणपाटाच्या पडद्याने केलेले होते. अलीकडे अप्पांची ऐरण आणि हातोड्या, पलीकडे गौतममामाचा रंगाचा कॉम्प्रेसर. मामा आईचा धाकटा भाऊ. अप्पा ठोकायचे, मामा रंगवायचा. ठोकण्याच्या आवाजात बोलणं ऐकू जात नसे, म्हणून अप्पांनी भिंगारच्या त्यांच्या उस्तादांची रीत इथेही ठेवली होती. एखादा पत्रा सरळ झाला की तो पडद्याजवळ उभा करायचा आणि हातोडीचे तीन टोले ऐरणीवर द्यायचे. ते ऐकले की मामा पाण्याची बादली आणि पॉलिश पेपर घेऊन पडद्याच्या अलीकडे यायचा, जुना रंग घासायचा, खळग्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरायचा, पुन्हा घासायचा, मग तांबडं अस्तर आणि वर रंग. आईसुद्धा तिसऱ्या टोल्याला तवा चुलीवर ठेवायची. लष्कराच्या रेंजवर तोफांचा सराव असला की शेडचे पत्रे थरथरायचे, पण तो आवाज आमच्या घरात कोणी मोजत नसे. टोले मात्र सगळे मोजत.

वकीलबाई पन्नाशीच्या, उंच, सुती पातळ नेसणाऱ्या. राहुरीच्या कोर्टात त्यांचा दरारा आहे असं मामा सांगायचा. त्या स्वतः गाडी चालवत आल्या. गाडी पन्नासच्या दशकातली होती, पुढून फुगीर नाकाची. त्या मॉडेलला नगरमध्ये सगळे डुक्कर म्हणत. रंग ओल्या हरभऱ्याच्या घाट्यासारखा हिरवा, कारखान्यातून आला तोच. बाईंनी मागचं दार उघडलं. सीटवर वर्तमानपत्र अंथरून त्यावर कवठं ठेवलेली होती. मोजून सात.

"मुद्देमाल सोबत आणलाय, साळवे," त्या म्हणाल्या.

अप्पांनी एक कवठ उचललं, हातात तोललं आणि बॉनेटवरच्या सगळ्यात मोठ्या पोच्यात हलकेच टेकवलं. ते वाटीत ठेवल्यासारखं बसलं. कवठ गोल, टणक आणि गुळगुळीत असतं. पत्रा दबला होता, पण चिरलेला नव्हता, म्हणून रंगही शाबूत होता. हे त्यांनी तेव्हाच ओळखलं आणि "करतो" म्हणाले ते त्यावरून. बाकी हिशेब त्यांनी केलेला नव्हता.

कवठांची हकिगत बाईंनी उभ्या उभ्या सांगितली. त्यांच्या वडिलांना, तात्यांना, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्याला भावाकडे नेलं होतं. तेवढ्यात गाडीच्या शेडचे पत्रे बदलून घ्यावेत म्हणून बाईंनी गाडी बाहेर काढली आणि सावली बघून परसातल्या कवठाच्या झाडाखाली लावली. रात्री वारा सुटला. तात्यांची नजर चार-पाच वर्षांपूर्वीच गेल्यात जमा होती. तेव्हापासून ते रोज सकाळी गाडीजवळ जायचे, बॉनेटवरून, टपावरून तळहात फिरवायचे, मग आत बसून चहा घ्यायचे. दिवसभरात घराबाहेर पडणं तेवढंच. गाडीला त्यांनी कधी दुसरा रंग लावू दिला नव्हता. नव्या रंगाचा त्यांना वास आला असता, आणि पोचा तर पहिल्याच हाताला लागला असता.

"मी त्यांना सांगणारच आहे," बाई म्हणाल्या. "पण सांगेन तेव्हा गाडी नीट असली पाहिजे. नाहीतर ते तिच्याजवळ जायचंच सोडतील. ते गेलं की त्यांचं काही उरत नाही."

त्या राहुरीच्या एसटीने परत गेल्या. गौतममामा पडद्याला टेकून ऐकत होता. "दाजी," तो म्हणाला, "लांबी न्हाई, रंग न्हाई. मग पोचा काय फुंकर मारून काढनार?"

"तुज्या फुंकरीला लई वास येतो तमाकूचा, पाव्हनं. माजी मीच मारतो."

मामाला आठवडाभर त्या गाडीवर काम नव्हतं. त्याने पडद्यापलीकडे बाज टाकली आणि ट्रान्झिस्टर लावला.

त्या दिवशी दुपारी आईने मुद्देमालातली दोन कवठं फोडून गूळ, जिरं, लाल मिरची घालून चटणी केली. ज्या फळांनी गाडी दाबली तीच आम्ही भाकरीशी खाल्ली. पिकलेल्या कवठाचा वास खोलीभर होता. अप्पा अर्ध्या भाकरीवर उठले. त्यांनी एक पाटी मागितली आणि तिच्यावर खडूने पोच्यासारखी वर्तुळं काढत बसले. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. काय घडलं, किती वाजता घडलं, हे वहीत टिपून ठेवायची सवय मला तेव्हापासूनची. पुढे पोटासाठी तेच केलं. हे प्रकरण त्या वहीवरूनच लिहिते आहे.

बुधवारी अप्पांनी बॉनेट सुटं केलं आणि अंगणात लाकडी घोड्यावर गोधडी टाकून उभं केलं. एरवी ते पोच्याखाली लोखंडी ठोकळा धरून वरून हातोडी मारत. तसं केलं तर रंग फुटणार. म्हणून आतून ढकलायचं ठरलं. जुन्या ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा एक तुकडा त्यांनी सहाणेवर घासून वाकवला, चमच्यासारखा. त्या सळईच्या टोकाला माझ्या तुटलेल्या चपलेचं चामडं गुंडाळून सुतळीने बांधलं. मग बॉनेटच्या मागे बसून सगळ्यात लहान पोचा निवडला आणि बरोबर मधोमध रेटला. पत्र्याने "टक्" असा आवाज केला. मी पुढून पाहत होते. खळग्याच्या मधे हरभऱ्याएवढा फोड वर आला होता आणि भोवती खळगा तसाच होता.

अप्पा पुढे आले. तळहात फिरवला. गरम झालेला, ठोकलेला, रंग उडालेला पत्रा त्यांच्या हाताला बरोबर कळायचा. चकचकीत रंगावर हात घसरत होता, काही सांगत नव्हता. "दिसंना आन् लागंना," ते म्हणाले. मामाने ट्रान्झिस्टरचा आवाज वाढवला. बाभळीच्या खुंटीने टिचक्या मारत तो फोड बसवायला अप्पांना पाऊण तास लागला. रंग टिकला, पण पोचा होता तिथेच होता.

त्यानंतरची गोष्ट घडली त्यात कोणाची हुशारी नव्हती. आईने सतरंजी धुतली होती. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची, सोलापुरी. ती तिने अंगणातल्या दोरीवर, बॉनेटच्या बरोबर समोर टाकली. मी दोन्हींच्या मधून जाताना बॉनेटकडे पाहिलं आणि थांबले. हिरव्या रंगात सतरंजी दिसत होती. पट्टे सरळ खाली येत होते आणि पोच्याजवळ आल्यावर, ओढ्यातल्या दगडाजवळून पाणी जावं तसे, वळत होते. खळग्यात पट्टे एकमेकांजवळ येत होते. खळग्याच्या काठावर ते फाकत होते. म्हणजे काठ वर होता. पोचा नुसता खाली गेलेला नव्हता, भोवतीचा पत्रा वर आलेला होता. हाताला न लागलेली गोष्ट डोळ्यासमोर छापल्यासारखी होती.

मी अप्पांना बोलावलं. त्यांनी पाहिलं. मान डावीकडे केली, उजवीकडे केली, पट्टे हलले. ते खाली बसले, पुन्हा उभे राहिले. मग म्हणाले, "ही सतरंजी आता वाळली तरी काडायची न्हाई."

आज पुण्यात अशा कामासाठी पट्टे असलेले दिवे मिळतात. मी एका दुकानात पाहिले. दुकानदाराने ते कसे वापरायचे हे समजावून सांगितलं, मी ऐकून घेतलं.

अडचण अशी की अप्पा बॉनेटच्या मागे आणि पट्टे पुढे. म्हणून मी पुढे उभी राहून सांगायचं आणि त्यांनी मागून ढकलायचं, असं सुरू झालं. आधी काठ खुंटीने किंचित बसवायचा, मग आतून कडेकडेने, गोल गोल, मध्याकडे यायचं. "दोन बोटं वर," मी म्हणायचे. "जास्त झालं. डावीकडे. इथे. हळू." पलीकडून त्यांचा श्वास ऐकू यायचा आणि सळईचं चामडं पत्र्यावर घासल्याचा बारीक आवाज. हातोडी नव्हती. शेजारच्या टायरवाल्याने कुंपणावरून विचारलं, साळवे आजारी हायेत का.

दुसरी अडचण आईने सोडवली. पट्टे सकाळच्या कोवळ्या उजेडात सगळ्यात स्वच्छ दिसत, पण सकाळी पत्रा गार आणि जुना रंग ताठ. अप्पांना भीती होती की गार रंग ढकलताना तडकेल. आई बंबात पाणी तापवत होती. तिने टॉवेल बुडवला, पिळला आणि पोच्यावर टाकला. "कंबर शेकायची आसंल तर शेका की आधी," ती म्हणाली. तेव्हापासून प्रत्येक पोच्याला आधी गरम टॉवेल, मग सळई.

पहिला पोचा गुरुवारी सकाळी निघाला. वहीत नोंद आहे: दोन तास चाळीस मिनिटं. शेवटच्या दहा मिनिटांत मी नुसती अजून, अजून म्हणत होते. वाकडा पट्टा रेघेरेघेने सरळ होत होता. मग तो सरळ झाला. अप्पा पुढे आले, त्यांनी पाहिलं, आणि मागे जाऊन दुसऱ्या पोच्याखाली बसले. दुसऱ्याला दीड तास लागला. तिसऱ्याला तेवढाच. चौथ्याला पन्नास मिनिटं. संध्याकाळी चार वाजता बॉनेट समोर उभं होतं आणि सतरंजीचे सगळे पट्टे वरपासून खालपर्यंत सुतात होते. आई दोनदा येऊन बघून गेली. ट्रान्झिस्टर बंद होता. मामा पडद्याच्या फटीतून पाहत होता, पण मी पाहिलं तशी त्याने फट मिटली.

बॉनेट अप्पांनी नेहमीच्या जागी, पडद्याजवळ, टेकवून ठेवलं. शुक्रवारी टप. छताचं आतलं कापड कडेने उसवून अप्पा सीटवर उताणे झोपले, सतरंजी शेडच्या आढ्याला आडवी ताणली आणि मी स्टुलावर चढले. एक पोचा टपाच्या कडेला, दाराच्या वर होता. त्याच्या आत जाड पट्टी जोडलेली होती, सळई तिथे शिरत नव्हती. अप्पांनी तीन कोनांतून प्रयत्न केला आणि तो सोडून दिला. टपाचे दोन उरले. पहिला अकराला निघाला. दुसरा, म्हणजे एकूण सहावा, एकला पाच मिनिटं कमी असताना.

अप्पा गाडीतून बाहेर आले. केसात जुन्या कापडाची धूळ, डोळे लाल. स्टुलावर चढून त्यांनी पट्टे पाहिले. चार दिवस त्या शेडमध्ये हातोडी वाजली नव्हती. ते खाली उतरले, ऐरणीजवळ गेले, सगळ्यात मोठी हातोडी उचलली आणि तीन टोले दिले. खणखणीत. आईने घरातून विचारलं, झालं का. अप्पा म्हणाले, झालं. आम्ही दोघं मागे हात धुवायला गेलो. आईने तवा ठेवला होता, पिठलं झालेलं होतं. मी पहिला घास घेतला तेव्हा शेडमधून पाण्याचा आणि कागदाचा आवाज आला. खर्र, खर्र. तो आवाज आमच्या घरात रोजचा होता. म्हणून कळायला एक-दोन क्षण लागले.

अप्पा पळाले. मी मागे. मामा पडद्याजवळ उकिडवा बसला होता, शेजारी बादली, हातात ओला पेपर, चारशे नंबरचा. बॉनेटच्या डाव्या बाजूला तळव्याएवढी जागा पांढुरकी झाली होती. आम्हाला बघून त्याचा हात थांबला. त्याने हाताकडे पाहिलं, मग बॉनेटकडे. पेपर बादलीत पडला.

"तीन टोले पडले न्हवं?" तो म्हणाला.

अप्पांनी बादलीतला पेपर बाहेर काढला. "पडले," ते म्हणाले. "म्याच दिले."

मामाला चार दिवसांपासून माहीत होतं की या गाडीला रंग लावायचा नाही. अप्पांनाही माहीत होतं की टोल्यांचा अर्थ काय. मामाने नंतर सांगितलं की तो बाजेवर पडल्या पडल्या झोपेला आला होता, टोले ऐकले आणि उठला, बादली भरली, पत्रा जागेवर होता, हात सुरू झाला. वीस वर्षांत टोल्यांनंतर त्याच्यावर कधी विचार करायची वेळच आली नव्हती.

पिठलं गार झालं. मामाने बॉनेट उचलून उजेडात आणलं आणि नाक लावून त्या जागेकडे पाहिलं. तांबडं अस्तर दिसत नव्हतं. जुन्या काळी रंग जाड मारत, तो म्हणाला, पोटात अजून असंल. पण किती असेल ते कोणालाच सांगता येत नव्हतं. त्याने आईकडे जुनं, धुऊन मऊ झालेलं लुगडं मागितलं, फाडून चौकोन केले, बारीक पेपर स्वतःच्या बुटाच्या चामड्यावर घासून आणखी मऊ केला आणि कामाला बसला. आधी तो पेपर, भरपूर पाण्यात. मग घासायचा मसाला, फडक्याने. शेवटी नुसता तळहात. दर थोड्या वेळाने तो फडकं उलटं करून अप्पांना दाखवायचा. फडक्यावर हिरवा रंग उतरत होता. तांबडा दिसला की संपलं. सतरंजी मी पुन्हा अंगणातल्या दोरीवर टाकली.

तीन वाजता त्या जागेत नुसता उजेड दिसला. साडेतीनला लाल आणि पांढरं वेगळं झालं, पण पट्टे नव्हते, डाग होते. मामाच्या अंगठ्याचं कातडं सोललं होतं. मी म्हणाले, थोडं अजून. चारच्या सुमाराला एक पट्टा दिसला, कडा पुसट. मग दुसरा. मामा माझ्याकडे बघायचा, मी मान हलवायचे, तो पुन्हा तळहात टेकवायचा. आम्ही तिघंही त्या तळव्याएवढ्या जागेच्या पलीकडे काही पाहत नव्हतो. शेजारचा टायरवाला कुंपणावर हात ठेवून उभा होता. पाचला वीस मिनिटं असताना सगळे पट्टे आले. तांबडं दिसलं नाही.

आई चहा घेऊन आली. मामा म्हणाला, आता काय कळत न्हाई, बाईंना सांगायची गरज न्हाई.

"दिसत न्हाई," अप्पा म्हणाले. "पन हाय."

शनिवारी वकीलबाई आल्या तेव्हा अप्पांनी त्यांना आधी सातवा पोचा दाखवला, मग ती जागा. टोल्यांचं सगळं सांगितलं. बाईंनी उलटतपासणी केल्यासारखे तीन-चार प्रश्न विचारले. मामाला विचारलं, अंगठ्याला काय झालं. मग त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी राहुरीला या. कवठाचं मी सांगते. कागदाचं तुम्ही सांगा."

गाडी त्या स्वतः चालवत घेऊन गेल्या. रविवारी अप्पा, मामा आणि मी पहिल्या एसटीने गेलो. कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या गाड्यांमुळे तासभर उशीर झाला. तात्या ओट्यावर बसले होते, उजव्या डोळ्यावर पट्टी, डोक्याला मफलर. आदल्या रात्रीच पुण्याहून आले होते. बाईंनी आमच्यादेखत त्यांना झाडाखाली गाडी लावल्याचं सांगितलं. तात्या म्हणाले, "कवठाखाली? वकील आहेस ना गं तू?" आणि उठले.

त्यांनी चप्पल काढली. का, ते मी विचारलं नाही. बॉनेटच्या पुढे उभे राहून त्यांनी दोन्ही तळहात टेकवले आणि मागे नेले. चारही पोच्यांच्या जागांवरून हात गेले, थांबले नाहीत. अप्पा माझ्या शेजारी उभे होते. त्यांची मूठ मिटलेली होती. टपावर दोन जागांवरून हात गेला. दाराच्या वर कडेला थांबला.

"हा राहिला."

"व्हय. तितं सळई पोचत न्हाई."

"राहू दे." हात परत बॉनेटवर आला. डाव्या बाजूला जाताना त्याचा वेग कमी झाला. तात्यांनी बोटांची टोकं तिथे पुन्हा फिरवली, नखाने हलकेच टकटक केलं, आणि मान आमच्या दिशेने वळवली.

"इथं कागद लागलाय."

अप्पा बोलणार, तेवढ्यात मामा पुढे झाला. "माज्या हातून," तो म्हणाला. अप्पा म्हणाले, टोले मी दिले. तात्यांनी दोघांचं पूर्ण ऐकून घेतलं. मग मामाचा हात मागितला, अंगठा चाचपला आणि सोडला. त्यांनी गाडीचं दार उघडलं, आत बसले आणि बाईंना चहा आणायला सांगितलं. अप्पांना शेजारच्या सीटवर बसवलं. मामा आणि मी मागे. चहा गाडीतच झाला.

बाईंच्या शेडचे पत्रे त्याच आठवड्यात बसले आणि गाडी आत गेली. आमच्या गॅरेजात त्यानंतर अप्पा आधी पडद्याजवळ जाऊन पत्र्याचं काय करायचं ते सांगायचे; तीन टोले मामाने पलीकडून "व्हय" म्हटल्यावरच पडायचे. तात्या त्यानंतर सहा वर्षं होते. अप्पा आणि मामा आता नाहीत. गेल्या फेब्रुवारीत मी राहुरीला गेले होते. वकीलबाईंनी शेड उघडून दिली. कवठाचं झाड परसात आहे. गाडीला दुसरा रंग लागलेला नाही. दाराच्या वरचा सातवा पोचा जागेवर आहे.